राजुरीची माती आणि रसायनांचा हिशेब

महाराष्ट्रात घातक रासायनिक कचऱ्याचा विषय निघाला की तळोजा, महापे, डोंबिवली, तारापूर, लोटे-परशुराम आणि पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर कुरकुंभ व रांजणगाव ही नावे पुढे येतात. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आळेफाट्याच्या पुढे वसलेल्या राजुरीचे नाव या मालिकेत कोणी घेत नाही, कारण ते औद्योगिक वसाहतीचे गाव नसून बागायतीचे आणि दुधाचे गाव आहे. तरीही स्वातंत्र्योत्तर काळात या पट्ट्यातील घरांच्या भिंतींवर, गोठ्यांत, पिकांवर आणि द्राक्षवेलींवर जी रसायने पडली, त्यांचा आणि त्यांच्या धोक्याच्या मोजणीचा इतिहास कारखान्यांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. ही मोजणी कोठे झाली आणि कोणासाठी झाली, हे पाहिले असता असे दिसते की दूरच्या ग्राहकाच्या ताटातील धोका अत्यंत बारकाईने मोजला गेला, आणि ज्या मातीत व ज्या विहिरीच्या काठावर रसायन प्रत्यक्ष हाताळले गेले तेथील धोक्याची मोजणी मात्र मागे राहिली.

एखाद्या जागेवरील रासायनिक धोका ठरवण्याच्या शास्त्राला जोखीम-मूल्यांकन म्हणतात, आणि त्याची आजची मांडणी बरीचशी अमेरिकेत घडली. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे जुन्या कालव्यात पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती आणि शाळा उभी राहिल्याचे प्रकरण १९७८ मध्ये गाजले, १९८० मध्ये दूषित जागांच्या सफाईसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९८३ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने मूल्यांकनाच्या चार पायऱ्या निश्चित केल्या: पदार्थ अपायकारक आहे काय, किती मात्रेला किती अपाय होतो, माणसाच्या शरीरात तो प्रत्यक्षात किती जातो, आणि या सर्वांवरून एकूण जोखीम किती ठरते. जागेच्या बाबतीत हाच विचार तीन दुव्यांच्या साखळीने मांडला जातो. रसायनाचा उगम, ते ज्या मार्गाने सरकते ती वाट, आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचते तो माणूस, जनावर किंवा जलस्रोत, असे हे तीन दुवे होत. यांपैकी एक जरी तुटला तरी विष असूनही जोखीम राहत नाही, आणि तिन्ही जुळले तर अल्प मात्राही दुर्लक्षित करता येत नाही.

राजुरीच्या बाबतीत या साखळीतील मधला दुवा, म्हणजे वाट, आधी समजून घ्यावी लागते. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे थरांवर थर साचून घट्ट झालेल्या लाव्हाचा आहे. वर कमीअधिक खोलीची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कोठे भेगाळलेला तर कोठे अभंग खडक अशी येथील जमिनीची रचना आहे. वाळूच्या प्रदेशात भूजल सर्वत्र सारखे पाझरते, तसे येथे होत नाही; पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून धावते, त्यामुळे एका विहिरीचे पाणी स्वच्छ असताना बांधापलीकडच्या विहिरीत दोष आढळू शकतो, आणि एका नमुन्यावरून शिवाराचा निष्कर्ष काढणारे मूल्यांकन या भूमीत फसते. काळ्या मातीचा गुण याच्या उलट आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण अनेक रसायनांना धरून ठेवतात, त्यामुळे जे विष वाळूतून लवकर खाली उतरले असते ते येथे वरच्या वीतभर मातीत वर्षानुवर्षे राहू शकते. राजुरीच्या जवळच कुकडीकाठी असलेल्या बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. ती राख सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून बरीच जुनी, यावर संशोधकांत मतभेद असले, तरी हवेतून आलेला एक पातळ थर हे खोरे किती दीर्घकाळ जपून ठेवू शकते, याचा तो पुरावा आहे.

या जमिनीवर संश्लेषित रसायनांचा पहिला मोठा प्रवेश शेतीच्या वाटेने झाला नाही, तो आरोग्याच्या वाटेने झाला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले, आणि देशभरातील खेड्यांप्रमाणे या भागातही डीडीटीचे पंप घेऊन फवारणी करणारे पथक घरोघर फिरू लागले. घराच्या भिंती, आढे आणि गोठे यांवर पांढुरका लेप बसे आणि भिंतीवर फवारणीची तारीख घातली जाई. हिवतापाने माणसे दगावण्याचे प्रमाण या मोहिमेने झपाट्याने खाली आणले, ही गोष्ट इतिहासाने कधीही विसरता कामा नये, कारण त्या काळी ज्या घरात ताप येई त्या घराच्या दृष्टीने डीडीटीची जोखीम न घेणे हीच मोठी जोखीम होती. पुढे डीडीटी शेतातही आले आणि त्याच्यासोबत बीएचसी, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची गॅमेक्झिन पावडर आली. या भुकटीत कीड मारणारा गॅमा हा घटक केवळ १० ते १५ टक्के असे. उरलेले घटक कीड नियंत्रणाला जवळजवळ निरुपयोगी असूनही शेतात पडत, आणि त्यांपैकी बीटा हा घटक तर सर्वांत अधिक काळ टिकणारा होता. दुसऱ्या शब्दांत, पोत्यातील मोठा भाग हा कारखान्यातच वेगळा काढून ठेवायला हवा असा टाकाऊ पदार्थ होता, आणि तो कारखान्याच्या आवारात न राहता देशभरच्या शेतांत वाटला गेला. ज्या देशांत गॅमा घटक वेगळा काढून विकला गेला, तेथे उरलेल्या ढिगांची आज दूषित जागा म्हणून नोंद आहे. जेथे सगळेच शेतात विखुरले गेले, तेथे नोंद करण्यासारखी जागाच उरली नाही.

ही दोन्ही रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण चरबीत विरघळतात, आणि म्हणूनच दुधाच्या गावाच्या दृष्टीने त्यांचा इतिहास वेगळा वाचावा लागतो. फवारलेला गोठा, भुकटी पडलेला कडबा किंवा दूषित पेंड यांतून रसायन जनावराच्या शरीरात जाते, चरबीत साठते आणि दुधाच्या स्निग्धांशातून बाहेर येते; उगम, वाट आणि ग्राहक ही साखळी येथे एका गोठ्यात पूर्ण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत १२ राज्यांतील दुधाचे २,२०५ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश होते आणि ३७ टक्के नमुन्यांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या सहनमर्यादेच्या वर होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत अधिक महाराष्ट्रात, ७४ टक्के, आढळले. हा आकडा राज्याचा आहे, राजुरीचा नव्हे, आणि तो जसाच्या तसा एखाद्या गावावर लादणे अन्यायाचे होईल. परंतु दूध हेच ज्या गावांच्या घरखर्चाचा आधार आहे, त्यांच्या गोठ्यांचा आणि चाऱ्याचा स्वतंत्र तपास व्हावा, इतके गांभीर्य त्यात निश्चित होते. शेतीतील डीडीटी १९८९ मध्ये थांबवण्यात आले आणि बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. बंदीनंतर दुधातील प्रमाण घटत जाणे अपेक्षितच असते, कारण उष्ण प्रदेशात ही द्रव्ये थंड देशांपेक्षा लवकर विघटित होतात किंवा उडून जातात. मात्र विघटनातून बनणारा डीडीई हा पदार्थ मूळ रसायनाइतकाच चिवट असतो.

कीटकनाशकांचा कायदा घडला तो एका भीषण अपघातानंतर. १९५८ मध्ये केरळात व मद्रास राज्यात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले जाऊन शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली, न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम अस्तित्वात आले. या नियमांतील ४४ वा नियम आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. रिकामी वेष्टणे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकू नयेत, ती फोडावीत आणि वस्तीपासून दूर पुरावीत, असे तो सांगतो. घरातील डब्यात विषाचा डबा मिसळू नये, ही त्यामागची काळजी योग्यच होती. परंतु पुरण्याची जागा कोणती असावी, तिच्यापासून विहीर किती अंतरावर असावी, खाली मुरूम आहे की कातळ, हे प्रश्न त्या काळच्या कायद्याला पडले नाहीत. वस्तीपासून दूर म्हणजे शेतात, आणि या भागात विहीर असते ती शेतातच.

दरम्यान राजुरीच्या शिवाराचे रूप पालटत होते. जुन्नरचा पश्चिम भाग घाटमाथ्याचा आणि भरपूर पावसाचा, तर पूर्वेचा हा पट्टा पर्जन्यछायेतला, बाजरी, मटकी, हुलगा अशा कोरडवाहू पिकांचा होता. १९७० च्या दशकापासून येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने तालुक्याच्या व शेजारच्या तालुक्यांच्या शेतीला पाणी दिले. कांदा, टोमॅटो, ऊस आणि द्राक्ष ही पिके वाढली आणि नारायणगाव हे टोमॅटोच्या बाजाराचे मोठे केंद्र झाले. बाजरीला फवारा ठाऊक नव्हता. टोमॅटो आणि द्राक्ष ही पिके मात्र फवाऱ्यावाचून पदरात पडत नाहीत. रसायनांच्या वापरातील या वाढीला शेतकऱ्याचा लोभ हे कारण देणारे लिखाण बरेच आढळते, आणि ते उथळ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला कर्ज काढून बाग उभी करावी लागली, आणि एका रात्रीच्या दवाने केवडा रोग पडून वर्षाचे पीक जाऊ शकते अशा पिकावर त्याचा संसार अवलंबून राहिला. फवारणी ही त्याच्या लेखी विम्याच्या हप्त्यासारखी होती.

द्राक्षाच्या बागेतील सर्वांत जुने रसायन म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो परिसरात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास केवड्यावर त्याचा उपयोग दाखवून दिला आणि महाराष्ट्रातील बागाईतदारांनी ते इतके आपलेसे केले की त्याची कृती तोंडपाठ असणे हे बागाईतदाराचे लक्षण मानले गेले. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. मोरचूद रात्रभर कापडी पुरचुंडीत पाण्यात टांगून विरघळवायचे, चुना वेगळ्या भांड्यात विरवून गाळून घ्यायचा, दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या पिंपात एकत्र ढवळायची आणि मग स्वच्छ घासलेला विळा किंवा लोखंडी पाते त्यात क्षणभर बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने भाजतील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालायची. ही परीक्षा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, कारण मोकळे तांबे लोखंडावर साचते. ती वेलीच्या रक्षणासाठी होती आणि शेतकऱ्याने ती कोणत्याही प्रयोगशाळेवाचून पिढ्यान् पिढ्या पार पाडली.

तांबे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही, विघटित होत नाही. पानावरून जे गळते ते मातीत राहते आणि दरवर्षी त्यात भर पडते. युरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांच्या वरच्या मातीत साचलेल्या तांब्याने गांडुळे आणि सूक्ष्मजीव यांवर परिणाम होत असल्याचे दिसल्यावर तेथे सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंहून अधिक तांबे वापरू नये अशी मर्यादा २०१९ पासून अमलात आली. जुन्नरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तांबे घट्ट धरले जाते, आम्लधर्मी जमिनीत ते जितके झाडाला व पाण्याला उपलब्ध होते तितके येथे होत नाही, त्यामुळे तेवढ्याच साठ्याची जोखीम येथे कमी भरेल असे मानायला शास्त्रीय आधार आहे. मातीत किती आहे आणि त्यातले किती सुटे होऊ शकते, या दोन मोजण्या वेगळ्या आहेत आणि चांगले मूल्यांकन दुसऱ्या मोजणीवर उभे राहते. तथापि बाग मोडून त्याच जागी दुसरे पीक घेताना किंवा मातीचा सामू बदलल्यास हा साठा पुन्हा हिशेबात घ्यावा लागतो.

शेतातील रसायन पहिल्यांदा अत्यंत काटेकोरपणे मोजले गेले ते परदेशी बाजारामुळे. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही बागाईतदारांच्या सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहिली आणि महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात जाऊ लागली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेहून अधिक आढळले, आणि त्यानंतर अपेडा या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाने अवशेष-नियंत्रणाची योजना सुरू केली. निर्यातीच्या प्रत्येक बागेला कृषी खात्याचा नोंदणी क्रमांक मिळाला, फवारणीची वही ठेवणे आवश्यक झाले, काढणीआधी अधिकृत प्रयोगशाळेचा माणूस बागेतून नमुना घेऊ लागला आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहू लागली. २००६ पासून ग्रेपनेट या संगणकीय व्यवस्थेमुळे युरोपातील दुकानातल्या पेटीवरून ती कोणत्या गावाच्या कोणत्या बागेतली आहे हे शोधता येऊ लागले.

तरीही २०१० चा हंगाम बागाईतदारांना जबर फटका देऊन गेला. खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखून घडांची संख्या वाढावी म्हणून क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या भाषेतले सीसीसी किंवा लिहोसीन, वापरले जाई. ते घडावर फवारले जात नसे, फळ तयार होण्याच्या कितीतरी महिने आधी पानांवर दिले जाई, म्हणून ते तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपात मात्र ते द्राक्षांत सापडले. मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम इतकी होती. हे रसायन वेलीच्या लाकडात साठून पुढे फळात उतरते, तसे ते युरोपातील नासपतीच्या झाडांतही आढळले होते. माल बंदरांत अडकला, भाव कोसळले, आणि नियम पाळूनही नुकसान झालेल्या शेतकऱ्याला ही शिक्षा कोणत्या चुकीची, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्यानंतर तपासणीच्या यादीत हे रसायन आले.

या घडामोडीतून महाराष्ट्रात जगातील उत्तम म्हणाव्यात अशा अवशेष-प्रयोगशाळा आणि अत्यंत शिस्तबद्ध बागाईतदार घडले, याचे श्रेय द्यावेच लागते. परंतु साखळीचा कोणता दुवा मोजला गेला हेही पाहायला हवे. नमुना द्राक्षाचा घेतला गेला. वेलीखालच्या मातीचा, बागेच्या विहिरीचा किंवा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या रक्ताचा नियमित नमुना घेण्याची योजना त्या व्यवस्थेत नव्हती. फवारणाऱ्याची जोखीम किती मोठी असते हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले तेव्हा राज्याला कळले, आणि तेही मृत्यूंच्या मोजणीतून कळले, पूर्वीच्या मूल्यांकनातून नव्हे.

घातक कचऱ्याची कायदेशीर व्यवस्था याच काळात दुसऱ्या बाजूने उभी राहत होती आणि तिचे लक्ष कारखान्याच्या फाटकावर होते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा व १९८९ चे घातक कचरा नियम आले. १९९५ च्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिलेल्या आदेशाने राज्य मंडळांना हालचाल करणे भाग पडले. आणि महाराष्ट्रात तळोजा, महापे, बुटीबोरी व रांजणगाव येथे सामायिक प्रक्रिया व साठवण केंद्रे झाली. यांपैकी शिरूर तालुक्यातील रांजणगावचे केंद्र पुणे जिल्ह्याच्या कारखान्यांचा घातक कचरा घेते. अशा केंद्रात मातीचे दाबलेले थर आणि जाड प्लॅस्टिकचे अस्तर यांवर कचरा रचला जातो, खाली झिरपणारे पाणी नळ्यांनी गोळा केले जाते आणि सभोवती निरीक्षण विहिरी असतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे रसायनाचा अंश राहिलेली कारखान्यातील रिकामी पिंपे आणि कीटकनाशक उत्पादनातील मुदतबाह्य माल हा घातक कचरा ठरतो. तीच बाटली विकली जाऊन शेताच्या बांधावर रिकामी झाली की ती या व्यवस्थेबाहेर पडते. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोजले, पण ते नियम मुख्यतः शहरांना लागू होते. अशा रीतीने राजुरी आणि रांजणगाव एकाच जिल्ह्यात असूनही, बांधावरची बाटली तेथपर्यंत नेणारी वाट कायद्याने आखली नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवावी, राज्य मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करावी आणि प्रदूषण करणाऱ्याने सफाईचा खर्च सोसावा, असा त्यांचा क्रम आहे. देशात त्या वेळी अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि त्यांपैकी मोजक्याच ठिकाणी सफाई सुरू झाली होती. हे नियम दीर्घ प्रतीक्षेनंतर आले आणि ते स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांची भिस्त सीमा आखता येईल अशा जागेवर आणि बोट दाखवता येईल अशा जबाबदार व्यक्तीवर आहे. हजार शेतांत थोडे थोडे पडलेले रसायन, जे सरकारी मोहिमेने, कृषी खात्याच्या शिफारशीने आणि बाजाराच्या दडपणाने पडले, त्याचा जबाबदार कोण, हे ठरवता येणार नाही आणि शेतकऱ्याला तर तो मुळीच ठरवू नये.

तरी शेतशिवारातही रसायन सर्वत्र सारखे पसरलेले नसते. युरोपात झालेल्या पाहण्यांत पाण्यात आढळणाऱ्या कीटकनाशकांपैकी निम्म्याहून अधिक भाग शेतात फवारताना पडलेला नसून पंप भरताना, सांडताना आणि धुताना एकाच ठिकाणी पडलेला असल्याचे दिसून आले. जुन्नरच्या बागेत ही जागा शोधायला फार फिरावे लागत नाही. पाणी जवळ असावे म्हणून २०० लिटरचे पिंप विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या काठी ठेवलेले असते, तेथेच बाटल्या उघडल्या जातात, तेथेच ब्लोअरची टाकी धुतली जाते आणि तेथून मुरमात मुरलेले पाणी त्याच विहिरीत उतरू शकते. गावाचे मूल्यांकन करायचे तर पहिला नमुना या दोन-चार चौरस मीटर मातीचा आणि त्या विहिरीचा, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, घ्यावा लागेल. त्यानंतर जुन्या गोदामांच्या फरशीखालची माती, मोडलेल्या बागांतील तांबे आणि शेवटी दूध, असा क्रम लागेल. स्वीडनमध्ये १९९३ पासून अशा जागी पेंढा, पीट आणि माती यांच्या मिश्रणाने भरलेला उथळ खड्डा करून त्यावर पंप भरण्याची पद्धत आहे. पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशा सांडलेले रसायन मोडून टाकतात. जुन्नरमध्ये पीट नाही, पण उसाचे पाचट, शेणखत आणि काळी माती यांना तोटा नाही, आणि तो खड्डा विहिरीपासून किती अंतरावर असावा हे सांगण्याइतके या खडकाचे ज्ञान भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दप्तरात व येथल्या विहीर खोदणाऱ्यांच्या अनुभवात आहे.